मुद्दाम्या

हनुमंताला त्याच्या गावात हनुमंत कोणी म्हणत नसे. शाळेच्या दाखल्यावर ‘हनुमंत सहादेव’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं, पण गावाला दाखल्याशी काय देणंघेणं? नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या अलीकडच्या त्या प्रवराकाठच्या गावानं त्याला बाराव्या वर्षी स्वतःचं नाव दिलं, मुद्दाम्या. मुद्दाम वाकडं वागतो तो मुद्दाम्या. गावानं एकदा नाव ठेवलं की माणूस पोटापाण्यासाठी कितीही लांब जावो, ते नाव गावातच बसून त्याची वाट बघतं आणि तो एस.टी.तून उतरला की त्याला गाठतं.

नावाला निमित्त पोळ्याचं झालं. त्याच्या बापानं, सहादेवानं, तेलरंगाची दोन डबडी आणून ठेवली होती. लाल रंग बैलांच्या शिंगांना आणि हिरवा गाडीच्या चाकांना. पोराला शिंगं रंगवायला बसवून तो झुली काढायला घरात गेला. पोरानं जीव ओतून काम केलं, एक ओघळ कुठं येऊ दिला नाही. झुली घेऊन सहादेव बाहेर येतो तर काय, दोन्ही बैलांचं एकेक शिंग लाल आणि एकेक हिरवं! वेशीत वाजंत्री सुरू झालेली, पुसायला सवड नव्हती. ती जोडी सगळ्या गावासमोरून गेली आणि गाव पोट धरून हसलं. सहादेवानं पोराला तिथंच पारासमोर कासऱ्यानं झोडला. “मुद्दाम केलंस! बापाचं हसं व्हावं म्हून मुद्दाम केलंस!” पोरगं “न्हाई आबा, न्हाई आबा” करत होतं, पण वाजंत्रीत त्याचं कोण ऐकणार?

तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चुकीला एकच नाव मिळालं. पिकलेली मिरची तोड म्हटलं की हा हिरवीही तोडून आणी. नकाशात जंगलाला विटकरी रंग देई आणि गुरुजींची छडी खाई. मळ्यात त्याच्या मागच्या सरीत कायम त्याची आई आक्काबाई असायची. पाटीत हात घालून काही काढायची, काही टाकायची. हनुमंताला वाटे, आईचाही आपल्यावर विश्वास नाही. याचं त्याला मारापेक्षा जास्त वाईट वाटे.

आणि मग तो टोमॅटोचा तोडा आला. हनुमंत तेव्हा वीस वर्षांचा होता. आक्काबाईचा बाप वारला म्हणून ती माहेरी गेलेली, दहावा उरकूनच येणार होती. सहादेव तापानं फणफणत पडलेला. तोडायला बाया मिळेनात. “लाल तेवढं तोड, बाकीचं ऱ्हाऊ दे,” असं बापानं पांघरुणातून सांगितलं आणि पोरानं एकट्यानं दोन दिवस राबून चाळीस लाकडी खोकी भरली. बाजारात व्यापाऱ्यानं पहिलं खोकं जमिनीवर पालथं केलं, दुसरं केलं, आणि तिसऱ्याला हातही लावला नाही. निम्मा माल कच्चा, दगडासारखा. सहादेवाच्या नावाचा माल त्या बाजारात कधी परत आला नव्हता, तो त्या दिवशी सगळ्यांच्या देखत टेम्पोत घालून परत आला. तापातला बाप उठून बसला. “बाप हातरुणात हाय, आई घरी न्हाई, हे बघून तू ह्ये केलंस. मुद्दाम केलंस. तुला मळा नगं, बापबी नगं. मंग जा की!”

हनुमंत गेला. तो थेट नगरला, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत. तिथं एका वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसला आणि सत्तावीस वर्षं तिथंच राहिला. बापाशी बोलणं उरलं ते सणावारापुरतं: पाऊस झाला का, गुडघा कसा हाय. झालं, संपलं. त्यानं संसार नीट केला. बायको रोहिणी मोठी बोलकी, दोघांना पुरून उरेल इतकी. पण आबांनी एकदा, मरायच्या आधी एकदा, तो शब्द मागे घ्यावा, एवढं एकच मागणं त्याच्या मनात होतं. ते त्यानं रोहिणीलाही फार उशिरा सांगितलं.

असा हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी चित्रकलेच्या वर्गाला गेला. गेला कसला, रोहिणीनं ढकलला. जेवणाच्या सुट्टीत हा खडूनं लोखंडी पत्र्यावर चित्रं काढी. सुपरवायझरचा चेहरा असा काढी की खुद्द सुपरवायझरनं तो पत्रा आठवडाभर कापू दिला नव्हता. नगरलगतच्या भिंगारच्या बाजारात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दर रविवारी प्राथमिक चित्रकलेचा वर्ग भरायचा, एका वर्षाचा, वयाची अट नव्हती. रोहिणीनं परस्पर त्याचं नाव घातलं. “लोखंडावर काढता, आता कागदावर काढा,” ती म्हणाली, “निदान कोणी कापणार तरी नाही.”

वर्ग घेणाऱ्या अश्विनी मॅडम त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक कांदा ठेवला आणि सांगितलं, “तुम्हाला माहीत असलेला कांदा काढू नका. समोर दिसतोय तो काढा.” हनुमंताला हे वाक्य भलतंच पटलं. तो तासभर त्या कांद्याकडे बघत बसला आणि असा कांदा काढला की शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणाले, “अहो, डोळ्यांत पाणी येतंय.” दिवाळीपर्यंत सगळी पेन्सिल होती: तांब्या, खुर्ची, सुभेदारांचा बूट. हनुमंत वर्गाचा हिरो झाला. सोमवारी लेथवर शिटी वाजवू लागला.

दिवाळीनंतर रंग आले. इथं त्याची शिटी थांबली. पण तो हुशार गडी. नळ्यांवरची नावं वाचायची, कशात काय मिसळलं की काय होतं ते पाठ करायचं, आणि मॅडमनी फळ्यावर लावलेलं रंगचक्र जागच्या जागी उतरवायचं. त्याचं रंगचक्र वर्गात सगळ्यांत नीटनेटकं आलं. मॅडमनी ते भिंतीवर लावलं. हनुमंताला आतून धाकधूक होती, पण कशाची ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मार्चमधल्या एका रविवारी मॅडमनी पितळी ताटात टोमॅटो मांडले, काही पिकलेले आणि काही कच्चे, बाजूला कोथिंबिरीची जुडी. टोमॅटो बघून हनुमंताला ती चाळीस खोकी आठवली. मॅडम म्हणाल्या, “आज नळीवरची नावं विसरा. ताटात दिसतो तोच रंग तयार होईपर्यंत मिसळत राहा. माहीत आहे ते नको.” हनुमंतानं ठरवलं, आज खरंच तसं करायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोणाला न विचारता, काही न आठवता, निव्वळ डोळ्यांवर भरवसा टाकला. तीन तास मान वर केली नाही. ताटाकडे बघावं, रंग कालवावा, पुन्हा बघावं, जुळला की लावावा. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. हे आपलं आजवरचं सर्वांत खरं चित्र, असं त्याला वाटलं.

मॅडम त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. सुभेदारही उठून आले. कागदावर टोमॅटोंचा आकार, चकाकी, सावली, सगळं इतकं हुबेहूब की उचलून घ्यावं. पण पिकलेले आणि कच्चे सगळे एकाच मातकट रंगाचे होते. आणि कोथिंबीरही त्याच जातीची, वाळक्या गवतासारखी.

“काका,” मॅडम कौतुकानंच म्हणाल्या, “धाडसी आहे हं! हे मुद्दाम केलंत का?”

भिंगारच्या त्या खोलीत, सत्तावीस वर्षांनी, जिला त्याच्या गावाचं नावही माहीत नाही अशा मुलीच्या तोंडून तो शब्द आला होता! हनुमंतानं ओल्या चित्राची तशीच गुंडाळी केली, चपला पायात सारल्या आणि जिना उतरून गेला. नागापूरपर्यंत तो चालत गेला, रिक्षा करायचं त्याला सुचलं नाही.

पुढच्या दोन रविवारी तो गेला नाही. तिसऱ्या रविवारी अश्विनी मॅडमच पत्ता काढत दारात उभ्या राहिल्या. आल्या आल्या त्यांनी माफी मागितली, मग मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर धरला. पडद्यावर रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक गोल चित्र होतं.

“काका, यात कोणता आकडा दिसतो?”

“आकडा? ठिपके हायेत की सगळे.” इतकी वर्षं नगरला राहिला तरी गोंधळला की त्याची गावाकडची बोली बाहेर येई.

चहाचे कप घेऊन आलेली रोहिणी त्याच्या खांद्यावरून वाकली आणि सहज म्हणाली, “पाच आहे ना.”

हनुमंतानं तिच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा ठिपक्यांकडे. त्याला वाटलं, दोघींनी मिळून काहीतरी ठरवलंय. “दुसरं दाखवा,” तो म्हणाला. दुसऱ्यात रोहिणीला तीन दिसला, तिसऱ्यात सहा. त्यानं मोबाईल हिसकून घेतला, चित्रं उलटसुलट केली, तिला पाठ करून उभं केलं, एकदम वळायला लावलं. ती दर वेळी तोच आकडा सांगत होती, क्षणाचाही विचार न करता. त्याला मात्र एकाही चित्रात काही दिसेना.

“तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, काका,” मॅडम हळूच म्हणाल्या. “जन्मापासून असतं हे. पुष्कळ पुरुषांना असतं.”

मग त्यानं जे विचारलं ते ऐकून त्या दोघी थक्क झाल्या.

“म्हंजी... तुमी लोक पाठ न्हाई करत?”

“काय पाठ?”

“रंग. मिरची लाल, पान हिरवं, रक्त लाल. मला वाटायचं समदी पाठ करतात. पाढ्यावानी. माझंच पाठांतर कच्चं हाय, माझंच ध्यान नसतं, म्हून मी चुकतो.” तो रोहिणीकडे वळला. “तुमाला नुसतं बघून कळतं?”

“नुसतं बघून,” रोहिणी म्हणाली. बावीस वर्षं ती या माणसाबरोबर राहत होती. हा पांढऱ्याशिवाय दुसरा शर्ट घेत नाही, साडी घ्यायला कधी एकटा जात नाही, सिग्नलला वरचा दिवा की खालचा एवढंच बघतो, हे सगळं तिला माहीत होतं. स्वभाव म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. आता एकेक गोष्ट तिला आठवायला लागली आणि प्रत्येकीनं ती हादरली.

“माझं कुंकू?” तिनं विचारलं. “ते तरी दिसतं ना तुम्हाला?”

हनुमंतानं तिच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण वर्षभर दिसेल तेच काढायची सवय लागली होती. “दिसतं,” तो म्हणाला. “काळपट. जवळ आलीस की.”

रोहिणी तोंडाला पदर लावून आत गेली. तिला रडू येत होतं आणि आपण नक्की कशासाठी रडतोय ते कळत नव्हतं. मॅडम बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या की हे बहुधा आईकडून येतं. त्यावर हनुमंत त्या स्थितीतही हसला. “माझी आई? मॅडम, ती पिकल्यालं टोमॅटं लांबून वळखते.” नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून तेच सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहूनही दिलं. औषध नाही, आणि त्याचा दोषही नाही.

ती चिठ्ठी खिशात घालून त्यानं त्याच आठवड्यात गावाची एस.टी. धरली. सोबत टोमॅटोंच्या चित्राची गुंडाळी होती. बाप ऐंशीला टेकला होता. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

सहादेव ओट्यावर बसला होता. खाली अंगणात आक्काबाई तोड्याचे टोमॅटो निवडत होती, पिकलेले एका पाटीत, कच्चे दुसऱ्या. हनुमंत पाया पडला आणि पाणीही न पिता बोलायला लागला. पोळ्यापासून सुरुवात केली. शिंगं, मिरच्या, नकाशा, चाळीस खोकी. चित्र उलगडून ओट्यावर पसरलं. मॅडमनी पाठवलेले मोबाईलवरचे ठिपके दाखवले. म्हाताऱ्यानं मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून बघितलं आणि “पाच,” म्हणाला. “तेच, आबा. मला तो दिसत न्हाई. आजबी न्हाई दिसत. मी मुद्दाम न्हवतं केलं.” आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं बापाच्या मांडीवर ठेवली.

सहादेव चिठ्ठी उलटी सुलटी करत राहिला. “असं कुटं आसतं व्हय?” तो शेवटी म्हणाला. “डोळं धडधाकट, आन् लाल दिसंना? माझ्या समद्या खानदानात न्हाई ह्ये. नगरला जाऊन नवीन काय तरी शिकून आला आन् बापाला खुळ्यात काढतो.”

सत्तावीस वर्षांनी मोठ्या आशेनं इथवर यावं, कागद ठेवावा, आणि तरी हेच ऐकावं! हनुमंत चित्राची गुंडाळी करायला वाकला.

“आसतं,” अंगणातून आक्काबाई म्हणाली.

दोघांनी खाली पाहिलं. ती मान वर न करता निवडतच होती.

“माझा बाप तसाच हुता. थोरला भाऊबी. आमच्यातल्या गड्यांना पिकल्यालं वळखत न्हाई. बायांना वळखतं.”

“आन् मला कधी...” सहादेव म्हणाला.

“माझी सोयरीक दोनदा मोडली हुती त्यापायी. डोळ्यात खोट आसल्याल्या घरची पोरगी कोन करंल? तिसऱ्या खेपंला बापानं शपथ घातली, सासरी ह्ये कधी बोलायचं न्हाई.” तिचे हात चालूच होते. “पोळ्याच्या दिशी मला कळलं. पर तुमचा राग बघून जीभ रेटंना. माझ्या माहेराचा उद्धार केला असता, मला धाडून दिली असती. मंग मी त्याच्या मागच्या सरीत चालत ऱ्हायले. त्याची पाटी निवडत ऱ्हायले. त्या चाळीस खोक्यांच्या टायमाला तेवढी न्हवते. बाप मेल्ता माझा.”

हनुमंत ओट्याच्या कडेला येऊन उभा राहिला. मागची सरी. पाटीत येणारा तो हात. जो त्याला अविश्वासाचा वाटला होता, तो त्याला मारापासून वाचवणारा हात होता. आणि त्याच आईनं एका वाक्यात सगळा मार थांबवला असता, तेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्यावर त्याला आईचा राग यावा की आणखी काही, ते ठरवता येईना.

सहादेव ओट्याच्या कडेशी सरकला. “म्हंजी पोरगं मार खात हुतं,” तो म्हणाला, “घर सोडून गेलं, आन् तुला ठावं हुतं. तू मुद्दाम गप बसलीस?”

आता कुठं आक्काबाईचे हात थांबले. “व्हय,” ती म्हणाली. “मुद्दाम.”

तो शब्द आपल्यावरून जावा म्हणून हनुमंत आयुष्यभर झुरला होता. तो गेलाही, पण जाऊन आईच्या डोक्यावर बसला होता. आक्काबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तिला पुढ्यातले टोमॅटो दिसत नव्हते. चाचपडत ती कच्चे पिकलेल्यांत टाकत होती, पिकलेले कच्च्यांत. हनुमंताला ते कळलं नाही, कळणार तरी कसं? सहादेवाला वरून दिसत होतं.

हनुमंत खाली उतरला आणि आईशेजारी मांडी घालून बसला. दोन हातांत दोन टोमॅटो घेतले. जन्मात जे कोणाला विचारलं नव्हतं ते त्यानं मोठ्यानं विचारलं.

“आये, यातलं लाल कंचं?”

तिला हुंदक्यानं बोलता येईना. ती नुसतीच मान हलवत राहिली. तो हात पुढे धरून थांबला.

ओट्यावरून म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला.

“डाव्या हातातलं लाल हाय, हनमंता. उजव्यातलं तिकडल्या पाटीत टाक.” मग काठी घेऊन तो एकेक पायरी उतरू लागला. “थांब, म्या येतो. सांगतो एकेक.”